विरेचनाचे सोळा दिवस : पेठेतील एका पंचकर्म रुग्णालयाविषयी

या रुग्णालयातील वैद्यबाईंनी पहिल्याच भेटीत मला नकार दिला. मी मागायला गेलो होतो वमन, म्हणजे औषध देऊन उलट्या करवण्याचा पंचकर्मातला उपचार. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने चैत्रात वमन करून घेतले होते आणि त्याची जळजळ थांबली होती. मलाही सात-आठ वर्षांपासून आम्लपित्ताचा त्रास, रोज सकाळी उपाशीपोटी एक पित्तशामक गोळी, रात्री उशीला उशी लावून झोपणे, असा क्रम होता. वैद्यबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, ‘आम्लपित्तात वमन सांगितलेले आहे, पण तुमच्यासाठी नाही. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, पन्नाशी उलटली आहे आणि शरद तोंडावर आहे. करायचेच तर विरेचन करू, म्हणजे रेचक देऊन कोठा साफ करू. पण आधी एंडोस्कोपी करून या, त्याशिवाय मी हात लावणार नाही.’ आयुर्वेदाच्या दवाखान्यातून मला एंडोस्कोपीची चिठ्ठी मिळेल, असे मला वाटले नव्हते. अहवालात जठराच्या अस्तराला सौम्य सूज निघाली, व्रण नव्हता. तो पाहिल्यावरच त्यांनी तारखा दिल्या.

रुग्णालयाचे नाव मी येथे देत नाही. माझ्या दोन-तीन तक्रारी आहेत, त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि त्यांचे पुढे काय होते ते पाहायचे आहे. जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दोन मजल्यांवर, बारा खाटांचे, पुण्याच्या मध्यवस्तीतले हे रुग्णालय आहे, एवढे सांगितले तरी पुरे. अशी ठिकाणे पुण्यात एक नाही, अनेक आहेत, आणि पंचकर्म करून घ्यावे की नाही या विचारात असलेल्या माणसाला नावापेक्षा आत प्रत्यक्ष काय घडते हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिली भेट पन्नास मिनिटांची होती आणि तिचे शुल्क सहाशे रुपये होते. संपूर्ण खर्चात सर्वांत सार्थकी लागलेली रक्कम कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन. नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले, हे सर्व दोन मिनिटांत झाले. उरलेला वेळ प्रश्नांचा होता. जेवणाची वेळ ठरलेली आहे का, भूक लागल्यावर जेवता की घड्याळ पाहून, सकाळी पोट साफ होण्यासाठी चहा लागतो का, दूध प्यायल्यावर कोठा हलतो का, घाम कोठे येतो, झोप कोणत्या वेळी मोडते, चिडल्यावर राग किती वेळ टिकतो, आणि हे सगळे पंधरा वर्षांपूर्वी कसे होते. शौचाला काळसर होते का, वजन आपोआप उतरले आहे का, गिळताना अडकते का, हेही विचारले. हे प्रश्न कोणत्याही शहाण्या डॉक्टरने विचारले असते. दुधाचा प्रश्न मात्र मला नवा होता. त्यावरून कोठा मृदू, मध्यम की क्रूर हे ठरते आणि त्यावर तूप किती दिवस पाजायचे व रेचक किती द्यायचे हे अवलंबून असते, असे त्यांनी समजावून सांगितले. माझा कोठा मध्यम निघाला.

येथे थोडे विषयाच्या मुळाशी जावे लागेल, कारण पंचकर्म हा शब्द आता तेलाच्या मालिशीसाठी सर्रास वापरला जातो आणि या रुग्णालयाच्या रंगीत माहितीपत्रकातही तसाच वापरला आहे. पत्रकावर कपाळावर तेलाची धार सोडलेली तरुणी आहे, भोवती जास्वंदीची फुले आहेत. शिरोधारा हा उपचार आहे, पण तो पाच कर्मांपैकी नाही. अंगाला तेल लावणे आणि शेकणे हेही नाही, ते पूर्वकर्म, म्हणजे मुख्य कामाची तयारी. पाच कर्मे म्हणजे वमन, विरेचन, बस्ती (गुदमार्गे औषध देणे), नस्य (नाकात औषध सोडणे) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे). आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकारांपैकी चरकांच्या गणनेत निरूह (काढ्याची) आणि अनुवासन (तेलाची) हे बस्तीचे दोन प्रकार स्वतंत्र धरून पाच होतात, तर वाग्भटांच्या गणनेत रक्तमोक्षणाला जागा मिळते. कल्पना अशी की वात, पित्त, कफ हे दोष आधी स्नेहाने, म्हणजे तूप-तेलाने, सुटे करायचे, उष्णतेने पातळ करून कोठ्यात आणायचे आणि मग जवळच्या वाटेने बाहेर काढायचे. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने प्रकुपित होते, म्हणून त्या ऋतूसाठी वाग्भटांनी तिक्त घृत, विरेचन आणि रक्तमोक्षण सांगितले आहे. आश्विनात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, मला कडू तूप पाजले गेले ते या हिशेबाने. ही उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राच्या भाषेत जशीच्या तशी उतरत नाही आणि ती उतरवण्याचा अट्टाहास वैद्यबाईंनीही केला नाही, हे मला आवडले. तळमजल्यावरच्या समुपदेशिकेने मात्र ‘शरीरातले टॉक्सिन्स निघून जातात’ असे तीनदा सांगितले. कोणते, असे विचारल्यावर त्या हसल्या.

पहिले तीन दिवस घरीच पाचनाचे होते : सुंठ आणि नागरमोथ्याचे उकळलेले पाणी, हलके जेवण, रात्रीचे सात वाजता. चौथ्या दिवसापासून स्नेहपान, म्हणजे औषधी तूप पिणे, सुरू झाले. सकाळी साडेसहाला तेथे पोहोचायचे, रक्तदाब मोजायचा, आदल्या दिवशीच्या नोंदी सांगायच्या आणि मग एका स्टीलच्या वाटीत कोमट केलेले हिरवट-पिवळे तूप समोर येई. पहिल्या दिवशी ३० मिलिलिटर, मग ६०, ९०, १२० आणि पाचव्या दिवशी १५०. तिक्तक घृताचा कडूपणा जिभेच्या टोकाला लागत नाही, तो घशाच्या मागे जाऊन बसतो आणि तेथून हलत नाही. तूप असल्यामुळे तो पाण्याने धुऊनही जात नाही. त्यावर गरम पाण्याचे घोट घेत राहायचे आणि कडकडून भूक लागेपर्यंत काही खायचे नाही. घड्याळ पाहून जेवणाऱ्या माणसासाठी हा प्रकार शिकवण देणारा ठरला. पहिल्या दिवशी साडेनऊलाच भूक लागली, तिसऱ्या दिवशी एक वाजला, चौथ्या दिवशी तर दुपारचे साडेतीन वाजेपर्यंत तुपाचेच ढेकर येत होते आणि जेवणाचे नाव नको वाटत होते. चौथ्या दिवशी मी दूरध्वनी केला तेव्हा तो परिचारकाने उचलला, पण दहा मिनिटांत वैद्यबाईंचा उलट फोन आला आणि सुंठीचे पाणी घेऊन शतपावली करा, झोपू मात्र नका, असे त्यांनी सांगितले.

पाचव्या दिवशी वाटी पाहताच मळमळले. मी ते काहीशा ओशाळलेपणाने सांगितले, तर परिचारकाने वहीत खूण केली आणि म्हणाला, ‘काका, हेच तर पाहिजे होते.’ तुपाचा तिटकारा येणे, मल स्निग्ध आणि सुटा होणे, वात सरणे, अंगाला मऊपणा येणे ही पुरेसे स्नेहन झाल्याची लक्षणे ग्रंथांत दिलेली आहेत आणि ती दिसली की तूप थांबवायचे. मापाचा आकडा ठरलेला नाही, लक्षण ठरलेले आहे. कोणाला तिसऱ्या दिवशी दिसते, कोणाला सातव्या, आणि सातापुढे जायचे नाही. या सोळा दिवसांत मला आयुर्वेदाची पद्धत सर्वांत स्पष्ट दिसली ती येथे. ज्या वहीत परिचारकाने खूण केली ती हाताने रेघा मारलेली शंभर पानी वही होती. तिच्यात प्रत्येक रुग्णाची भूक लागण्याची वेळ, मलाचे स्वरूप, झोप, डोकेदुखी, तहान अशा रकान्यांत रोजच्या नोंदी होत्या आणि त्या कोणीतरी खरोखर वाचत होते.

त्यापुढचे तीन दिवस अभ्यंग आणि स्वेदनाचे. याविषयी थोडक्यात लिहितो, कारण नातेवाइकांनी नेमके याविषयीच सर्वाधिक विचारले. लाकडी द्रोणीत दोन परिचारक दोन्ही बाजूंनी एका लयीत तेल लावतात, मग दशमुळाच्या वाफेच्या पेटीत डोके बाहेर ठेवून बसवतात. पित्ताचा रुग्ण म्हणून मला वाफ बेताचीच दिली. काम चोख होते. परंतु लगतच्या न्हाणीघरातील फरशी गुळगुळीत आहे, धरायला दांडी नाही आणि तेलाने माखलेला माणूस वाफेतून उठून, किंचित गरगरत तेथे जातो. दुसऱ्या दिवशी माझा पाय सरकला आणि कोपर भिंतीवर आपटले. फार लागले नाही, पण शेजारच्या खाटेवर सत्तरीचे गृहस्थ होते आणि त्यांनाही त्याच न्हाणीघरात जायचे होते. दांडी बसवायला किती खर्च येतो? माझ्या लेखी तक्रारीतला हा पहिला मुद्दा आहे.

विरेचनाच्या आदल्या दिवशी मला दाखल करून घेतले. सकाळी साडेनऊला, म्हणजे कफाचा काळ सरल्यावर, त्रिवृत् अवलेह चाटायला दिला आणि वरून त्रिफळ्याचा काढा. त्रिवृत् म्हणजे आपल्याकडचे निशोत्तर. अवलेह गोड असतो, आणि पाच दिवसांच्या कडू तुपानंतर तो गोडवा जिभेला जवळजवळ लबाडीचा वाटला. सव्वाअकराला पहिला वेग, म्हणजे जुलाब, आला. प्रत्येक वेगानंतर बाहेर आल्यावर परिचारक वहीत एक उभी रेघ ओढत असे, तासातासाला नाडी आणि रक्तदाब पाहत असे आणि कोमट पाण्याचा पेला हातात देत असे. शास्त्रात दहा वेगांची शुद्धी हीन, विसांची मध्यम आणि तीसांची उत्तम मानतात, आणि शेवटी कफ पडला म्हणजे काम पुरे झाले असे समजतात. माझे संध्याकाळी साडेपाचपर्यंत एकोणीस झाले. थकवा आला, पण पोटात मुरडा आला नाही, चक्कर आली नाही. लघवीचे प्रमाण आणि जिभेचा ओलावा वैद्यबाईंनी दिवसातून तीनदा स्वतः येऊन तपासला. रेचक घेऊन घरी एकट्याने हा प्रयोग करणाऱ्यांविषयी मी ऐकले आहे. एकोणीस वेगांनंतर शरीरातील पाणी आणि क्षार किती जात असतील याचा विचार करता, ज्या ठिकाणी गरज पडल्यास सलाइन लावण्याची सोय आणि लावणारा माणूस नाही, तेथे हे करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. येथे दोन्ही होते.

संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशींनी वाटीभर पेज आणली. पातळ, पांढरी, किंचित मीठ घातलेली. दिवसभरात पोटात गेलेला तो पहिला अन्नाचा घास आणि त्याची चव अजून आठवते. येथून संसर्जनक्रम, म्हणजे पातळ अन्नापासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर येण्याचा क्रम, सुरू होतो. शुद्धी मध्यम झाल्यामुळे माझ्यासाठी तो पाच दिवसांचा होता : दोन वेळा पेज, मग दोन वेळा विलेपी, जिला घरात गुरगुट्या भात म्हणता येईल, मग दोन वेळा मुगाचे बिनफोडणीचे कढण आणि शेवटी तूप-जिऱ्याची फोडणी दिलेले कढण. मंद झालेला अग्नी गवताच्या काड्या आणि गोवऱ्या घालून हळूहळू फुलवावा तसे हे आहे, असा दृष्टान्त ग्रंथात दिला आहे, आणि चुलीवर स्वयंपाक पाहिलेल्या माणसाला त्यावर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. एवढा महत्त्वाचा भाग रुग्णालयाने मात्र छायाप्रत काढून काढून पुसट झालेल्या एका कागदावर सोपवला आहे. त्यावर पेजेसाठी तांदूळ किती आणि पाणी किती याचे प्रमाणच नाही. माझ्या पत्नीने मावशींना विचारून घेतले म्हणून निभावले. चौदापट पाणी, आणि तांदूळ आधी थोडा भाजून घ्यायचा. घरी एकटे राहणाऱ्या माणसाने काय करावे? पाच दिवस पेज आणि कढणाचे डबे ठरावीक दराने देता आले असते. रुग्णालयाला स्वयंपाकघर आहे, मावशी आहेत, पेठेतील अर्धे रुग्ण हाकेच्या अंतरावर राहतात.

आता पुड्यांची गोष्ट. घरी जाताना औषधांच्या खिडकीतून मला वर्तमानपत्री कागदाच्या बेचाळीस पुड्या मिळाल्या, दिवसाला दोन याप्रमाणे एकवीस दिवसांच्या. आत करडी-गुलाबी भुकटी होती. कागदावर काहीही लिहिलेले नव्हते. काय आहे, असे विचारले तर ‘वैद्यांचे औषध आहे’ असे उत्तर मिळाले. मी वर जाऊन वैद्यबाईंना विचारले तेव्हा त्यांनी क्षणभरही न घुटमळता चिठ्ठीच्या मागे लिहून दिले : कामदुधा, अविपत्तिकर चूर्ण आणि सूतशेखर, प्रत्येकाचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये. म्हणजे लपवायचे काही नव्हते. सांगण्याची पद्धत नव्हती. परंतु सूतशेखरात कज्जली, म्हणजे पारा आणि गंधक एकत्र खलून केलेली काळी भुकटी, असते, बचनाग असतो, धोतरा असतो, आणि अशा द्रव्यांची औषधे डबीतून विकताना ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे औषध नियमांनी बंधनकारक केले आहे. डबी उघडून तेच औषध पुडीत बांधले की सूचना डबीबरोबर राहते आणि रुग्णाच्या हाती कोरा कागद येतो. उद्या रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याची वेळ आली तर मी त्यांना काय दाखवणार? २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले होते. त्यावर शोधित भस्मे निराळी, असा युक्तिवाद वैद्यवर्गाने केला, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. पण तो करणाऱ्याने पुडीवर नाव लिहिले पाहिजे.

तिसरी तक्रार त्या समुपदेशिकेची. पैसे भरताना त्यांनी मला सांगितले, ‘काका, तीन कोर्स करा, बीपीची गोळीसुद्धा सुटेल.’ त्याच इमारतीत, एक जिना वर, वैद्यबाईंनी मला रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, स्नेहपानाच्या दिवशीही नाही, असे बजावले होते. रक्तदाब आणि मधुमेह बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तोंडी आश्वासन त्यात बसते की नाही हे वकिलांनी ठरवावे, पण एखाद्या भोळ्या माणसाने ते ऐकून गोळी थांबवली तर वैद्यबाईंची पन्नास मिनिटे वाया गेली.

खर्चाचे सांगायचे तर सुरुवातीला ३२,००० रुपये सांगितले होते, शेवटचे बिल ३७,४५० रुपयांचे झाले. वाढलेली रक्कम औषधांची होती आणि ती आधी सांगता आली असती, कारण विरेचनानंतर औषधे लागणार हे त्यांना ठाऊकच असते. विम्यातून दाखल असलेल्या दोन दिवसांचेच पैसे मिळाले. बाकीचे दिवस बाह्यरुग्ण म्हणून धरले गेले. पंचकर्माचा विचार करणाऱ्यांनी आपल्या विमापत्रातील आयुषविषयक कलम आधी वाचून, दाखल राहण्याचे दिवस कसे ठरवायचे हे रुग्णालयाशी बोलून घ्यावे.

परिणाम काय झाला, हा प्रश्न सर्वजण विचारतात. आज साडेतीन महिने झाले. रोजची पित्तशामक गोळी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केली, आता आठवड्यातून एखादी लागते. उशीला उशी लावावी लागत नाही. तीन किलो वजन उतरले होते, त्यातले दोन परत आले. हा गुण विरेचनाचा, की एकवीस दिवसांच्या पुड्यांचा, की रात्रीचे जेवण साडेदहावरून साडेसातवर आल्याचा, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. वैद्यबाईंना मी हे बोलून दाखवले, तर त्या म्हणाल्या, ‘वेगळे काढायचेच कशाला? जेवणाची वेळ बदलायला मी पहिल्या दिवशी सांगितले असते तर तुम्ही ऐकले असते का?’ ऐकले नसते, हे मला मान्य करावे लागले. तरी वेगळे काढायला हवे, असे माझे मत आहे. पुढच्या रुग्णाला ३७,००० रुपये खर्च करायला लावायचे की फक्त साडेसातला जेवायला सांगायचे, हे ठरवण्यासाठी तरी.

पुढील तपासणीसाठी मागच्या आठवड्यात गेलो होतो. न्हाणीघरात दांडी बसली आहे. पेजेच्या कागदाची नवी, सुवाच्य छापील प्रत आली आहे, तिच्यावर चौदापट पाण्याचा उल्लेख आहे. औषधांच्या खिडकीतून या वेळी चौदा पुड्या मिळाल्या. कागद कोराच होता. मी खिशातले पेन काढून खिडकीत ठेवले आणि नावे लिहून होईपर्यंत तेथेच उभा राहिलो.